आईचा बैल आणि बाबांचं पॉलिश

माझ्या बाबांना नागपुरात नुसतं रुपराव म्हणून कोणी ओळखत नाही. रुपराव पॉलिशवाले म्हटलं की मग लोकांच्या डोक्यात उजेड पडतो. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या आजोबा-पणजोबांची कपाटं, टेबलं, आरामखुर्च्या, देव्हारे घासले आणि चकाचक करून परत दिले. स्वतःच्या घरात मात्र एका वस्तूला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. ती वस्तू म्हणजे आईचा लाकडी बैल. त्याचं पुढं सांगते. आधी बाबांचं सांगते, कारण वर्षभर मी त्यांच्यावर इतकी संतापले आहे की नीट सांगितलं नाही तर तुम्हीही त्यांना वाईट समजाल, आणि ते मला चालणार नाही. त्यांना बोलायचा हक्क फक्त माझा आहे.

बाबा नरखेडकडचे. घरी संत्र्याची झाडं होती, पण भाऊ चार आणि झाडं मोजकी. म्हणून सतराव्या वर्षी एसटीनं नागपूरला आले आणि एका फर्निचरच्या दुकानात घिसाईला लागले. घिसाई म्हणजे लाकूड पॉलिशपेपरनं घासायचं काम. आधी जाडा पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या लाखेचे हातावर हात. त्यांची नखं मी जन्मात पांढरी पाहिली नाहीत. लग्न झाल्यावर आई म्हणाली होती म्हणे, "तुमच्या अंगाले दवाखान्याचा वास येते." बाबांनी ती तारीफच समजून घेतली. त्यांचा स्वभावच तसा, आपल्या कामाबद्दल कोणी काहीही बोललं तरी ते कौतुकात धरायचे.

गिऱ्हाइकाला ते एकच गोष्ट सांगायचे. "लाकूड आतून नवंच राह्यते गा. वरचा मळ तेवढा काढा लागते." कोणी म्हणालं की जुनं आहे तसंच राहू द्या, फक्त पुसून द्या, तर बाबांचं डोकं फिरायचं. घरी येऊन म्हणायचे, "पुसाचंच होतं त मले काहून बोलावलं? फडकं नोहतं का घरी?"

महालातल्या इंदुताईंचा किस्सा तर मला पाठ आहे. त्यांच्या सासऱ्यांचं लिहायचं टेबल होतं, शिसवीचं. इंदुताई म्हणाल्या होत्या, बाकी सगळं करा, पण हा शाईचा डाग राहू द्या. बाबांना वाटलं, बाई संकोचानं म्हणतात, डाग निघत नसतो असं त्यांना वाटत असेल. बाबांनी दोन दिवस खपून तो डाग काढला. वरचे पैसेही घेतले नाहीत. टेबल पोचवलं, तेव्हा इंदुताईंनी त्या जागेवरून हात फिरवला, "छान झालंय" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बाबा फुशारकी मारत घरी आले. "बाईच्या डोळ्यात पानी आलं मनकर्णा, असं काम झालं आज." आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "अवो, ते पानी तुमच्या कामाचं नोहतं." बाबा हसले. तेव्हा मीही हसले होते.

आता बैल. आईचं माहेर बाबांच्या गावापासून दोन कोसांवर. आईच्या बाबांना ही एकच लेक, मुलगा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात आणि लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ नाहीतर चार नाणी देतात. गावातले म्हणाले, पोरीले काहून पायजे बैल? आजोबांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांच्या बैलगाडीचं जू मोडलं होतं, त्याच लाकडाचा बैल त्यांनी स्वतः कोरला. ते काही सुतार नव्हते. एक कान मोठा, एक शिंग जाडं, चाकं कुरकुरणारी. आई तेव्हा सात वर्षांची होती. तो बैल घेऊन ती पूर्ण गावात फिरली, आणि लग्नात भांडीकुंडी राहू द्या, आधी बैल गाडीत ठेवा म्हणून हटून बसली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांचे खांदे मळतात, तुम्हाला माहीत असेल. वर्षभर जू ओढून सोललेले खांदे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानानं, आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आजोबांनी हे लेकीला तिच्या लाकडी बैलावर शिकवलं. तिनं ते साठ वर्षं सोडलं नाही. मनीषनगरात घर बांधलं, आजूबाजूला फ्लॅट झाले, खरा बैल बघायला मिळेना, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी आई पाट मांडून बसायची आणि अंगठ्यानं त्या बैलाच्या खांद्यांत हळद-लोणी मुरवायची. साठ वर्षं तोच अंगठा, त्याच दोन जागा. तिथं दोन खड्डे पडले होते, बोराएवढे. बैल काळा पडला होता, हाताला तेलकट लागायचा, उन्हाळ्यात त्याला मुंग्या लागायच्या. तूप, हळद आणि चुलीचा धूर असा त्याचा वास यायचा. माझ्या लहानपणाचा वास म्हणाल तर तोच.

बाबांच्या हातांना त्याच्याकडे बघून खाज सुटायची. दर पोळ्याला हेच चालायचं.

"दे वं मनकर्णा. एका हप्त्यात सोन्यासारखा करून देतो."

"हात त लावून पाहा. तुमचे पॉलिशचे सारे डबे रस्त्यावर फेकते."

आम्ही लेकरं या भांडणाची वाट बघायचो. पोळा आला हे आम्हाला त्या भांडणावरून कळायचं.

पाच वर्षांपूर्वी आईचं विसरणं सुरू झालं. आधी वरणात मीठ दोनदा, मग माझं नाव, मग एके दिवशी भाजी घ्यायला गेली आणि चौकात उभीच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाईल. मी लग्नानंतर कोराडीला, नवरा पॉवर स्टेशनात, तिथल्या कॉलनीत राहते. रविवारी बसनं यायचे, दोन तास आईजवळ बसायचे आणि डोळे पुसत परत जायचे. रोजचं सगळं बाबांनी केलं. अंघोळ, वेणी, गोळ्या, सगळं. ज्या माणसानं घरात कधी पाण्याचा ग्लास उचलला नव्हता, तो माणूस आईच्या नऊवारीच्या निऱ्या घालायला शिकला.

एके दुपारी आईनं त्यांना विचारलं, "तुमी कोन गा?" बाबा घाबरले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी देवघराजवळचा बैल उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिचा अंगठा आपोआप त्या खड्ड्यात गेला.

"हा कोनाचा बैल?" बाबांनी विचारलं.

"माझा."

"अन् मी कोन?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं, बैलाकडे बघितलं आणि बैल छातीशी ओढून घेतला. "तुमी तेच. माझ्या बैलाले पॉलिश कराले टपलेले. हात लावून पाहा बरं." आणि हसली. त्या दुपारपुरती ती परत बाबांची बायको झाली.

मग हे रोजचं झालं. ती त्यांना ओळखेनाशी झाली की बाबा बैल आणायचे. मी स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा पाहिलंय. दवाखान्यानं जे केलं नाही ते त्या काळ्या तेलकट लाकडानं तीन वर्षं केलं. बाबा फोनवर सांगायचे, "आज ओळखलं दामिनी. डबे फेकते म्हने." आवाजात इतका आनंद, की मी इकडे स्वयंपाकघरात रडायचे.

मागच्या वर्षी आषाढात ते कमी कमी होऊ लागलं. चार दिवसांत एकदा ओळखायची. बाकी वेळ ती तिच्या माहेरी असायची, सात वर्षांची. "बाबानं बैल आनला," म्हणायची. "पिवळा धम्मक. कसा चमकून राहिला पाह्य." मांडीवर काळा बैल आणि तोंडी पिवळा. बाबा ते ऐकत बसायचे. आणि पन्नास वर्षं पॉलिश केलेल्या माणसाच्या डोक्यात जे यायला नको होतं ते आलं. ही मागं मागं जात जात सात वर्षांची झाली, तेव्हा बैल नवा होता. म्हणजे ती नव्या बैलाला शोधते आहे. बैल पुन्हा तसा झाला, तर तिला सगळंच आठवेल.

त्यांनी मला फोन केला. हे मला सांगायलाच पाहिजे. सकाळची वेळ, नवऱ्याची शिफ्ट, कढईत पोहे. बाबा म्हणाले, "दामिनी, तिचा बैल साफ करू का वं? नव्यावानी केला त ओळखन असं वाटून राहिलं." मी म्हटलं, "करा न बाबा, तुमाले समजते तसं. मले काहून विचारता?" आणि फोन ठेवला. एक मिनिटही लागलं नाही त्याला.

आठ दिवस बाबांनी मागच्या अंगणात बसून काम केलं. आई विचारायची, बैल कुठी गेला? बाबा सांगायचे, "गावाले गेला चराले. पोळ्याले येते." आई मान हलवायची. दिवसातून दहादा विचारायची आणि दहादा हेच उत्तर घेऊन गप्प बसायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कोराडीहून मुद्दाम आले. बाबांनी नवीन सदरा घातला होता. पाट मांडला होता, वाटीत लोणी, हळद, पळसाची पानं, सगळं आईच्या पद्धतीनं. आणि पाटावर बैल. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होता. पिवळाजर्द, लाकडाची एकेक रेघ दिसत होती, मोठा कान आणि जाडं शिंगसुद्धा रुबाबदार वाटत होतं. बाबांनी आयुष्यभराची कारागिरी त्यात ओतली होती. चांगला कारागीर खड्डे सोडत नाही. बाबांनी भुसा आणि लाखेची लुगदी भरून खांद्यावरचे ते दोन्ही खड्डे बुजवले होते, आणि घासून असे सपाट केले होते की कुठं होते तेही कळू नये. 

बाबांनी आईला हाताला धरून आणून बसवलं. तिनं बोट लोण्यात बुडवलं, हे तिला बरोबर आठवत होतं, आणि अंगठा बैलाच्या खांद्यावर ठेवला. अंगठा घसरला. तिनं पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. मग ती दोन्ही हातांनी चाचपू लागली, पाठ, मान, पोट. हात नाकाशी नेऊन वास घेतला.

"हा कोनाचा हाय?" तिनं विचारलं.

"तुयाच हाय मनकर्णा," बाबा म्हणाले. "पाह्य न. तुया बाबानं आनला होता तसाच."

"नाही." आईनं बैल हळूच बाजूला सरकवला. "ज्याचा त्याले नेऊन द्या. त्याची पोरगी रडत असन."

मग तिनं बाबांकडे बघितलं. "तुमी कोन गा?"

बाबांनी सवयीनं सुरुवात केली. "मी तोच. तुया बैलाले पॉलिश कराले..." आणि थांबले.

त्या संध्याकाळी मी बाबांना नाही नाही ते बोलले. तुमाले अक्कल नाही म्हटलं. लोकांच्या घरची राखरांगोळी करून पोट नाही भरलं, म्हणून स्वतःच्या घरात केली, असंही म्हटलं. बाबा पाटाशी बसून ऐकत होते. हळदीची वाटी हातात तशीच होती. सगळं बोलून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "तो मळ नोहता दामिनी. मले समजाले पायजे होतं." आणि एक गोष्ट ते बोलले नाहीत. तू हो म्हणाली होतीस, हे ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि आजपर्यंत बोललेले नाहीत. बोलले असते तर मला जरा तरी सुटल्यासारखं झालं असतं.

पुढच्या हप्त्यात ते महालात इंदुताईंकडे गेले. पंचवीस वर्षांनी. मला नंतर सांगितलं. इंदुताई आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांनी चहा दिला. बाबांनी हात जोडून त्या डागाची माफी मागितली. इंदुताई म्हणाल्या, "मधुकररावांच्या हातून सांडली होती ती शाई, लहानपणी. ते गेले त्याच वर्षी तुम्हाला बोलावलं होतं मी." मधुकरराव म्हणजे त्यांचे यजमान. बाबांना पंचवीस वर्षांत हे माहीतच नव्हतं. परत येताना त्यांनी स्कूटर ढकलत मनीषनगरपर्यंत आणली, असं शेजारच्या वामनरावांनी सांगितलं. पेट्रोल संपलं नव्हतं, काही बिघाडही नव्हता. ते चालू करायचंच विसरले होते.

मग बाबांनी बैलावरचं सगळं पॉलिश उतरवलं. लुगदी टोकरून काढली. उघड्या लाकडाला रोज लोणी आणि हळद चोळू लागले, आणि धूर देऊ लागले. मी म्हटलं, कानशीनं करा न तसे खड्डे, तुमाले येते. ते म्हणाले, "ते कानशीनं नाही होत." सकाळी आईचं आटोपलं की बैल मांडीवर घेऊन बसायचे आणि अंगठ्यानं चोळत राहायचे. वर्षभरात बैल पिवळट झाला, डाग डाग झाला, तुपाचा वास यायला लागला. खड्डे काही पडले नाहीत. आईसमोर नेला की ती तोंड फिरवायची. आणि बैल नाही, तर बाबाही नाहीत. तेव्हापासून ती त्यांना भाऊ म्हणते. भाऊ, चहा घेतला का. भाऊ, ऊन लय हाय, जरा बसा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आई बाबांशी इतकं गोड कधी बोलली नव्हती. परक्या माणसाशी बोलते तशी बोलते आणि बाबा हो ताई, नाही ताई करत तिची वेणी घालून देतात. मला ते बघवत नाही.

यंदाही पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आले. आई आता फारशी उठत नाही. बाबा तिच्या पलंगाशी खाली बसून बैलाचे खांदे मळत होते. तिला दाखवत नव्हते, आपले आपले करत होते. आई बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ, तुमी गावाकडचे का?"

"हो."

"कोनाच्या बैलाचे खांदे मळून राहिले?"

"हाय एकाचा."

"मंग माझं एक काम करा," आई म्हणाली. "माझा बैल गेला गावाले चराले. येऊन नाही राहिला. तुमाले दिसला त सांगजा, आवतन देलं हाय म्हना. उद्या जेवाले ये म्हना."

बाबांचा हात थांबला. "सांगतो," ते म्हणाले.

"अन् त्याच्यासंगं एक मानूस बी गेला. पॉलिशवाला. त्याचंच ध्यान राह्यते माझ्या बैलावर, तोच घेऊन गेला असन. त्यालेबी सांगजा. म्हना, ते रागावली नाही. तोबी ये म्हना जेवाले. उपाशी असन."

बाबांनी मान हलवली, आणि मी उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी पुरण, वडे, कढी, सगळं केलं. आईनं मला हाक मारली, बाई वं, दोन पानं दाराशी वाढ म्हणाली. मी वाढली. एक बैलाचं, एक त्या माणसाचं. आईला उशांना टेकवून बसवलं, म्हणजे तिला दार दिसेल. वाफ गेली, कढीवर साय आली, तरी ती दाराकडेच बघत होती. शेवटी बाबा आले, हात धुतले आणि त्या दुसऱ्या पानावर जाऊन बसले. पुरणपोळीचा घास मोडला.

"भाऊ," आई म्हणाली, "तिथं नोका बसू. ते त्याइचं पान हाय."

बाबांनी घास ताटात ठेवला. "हो ताई, चुकलं," म्हणाले आणि उठले. मग आत ओट्यापाशी जाऊन उभ्यानंच जेवले.